फी पसंतीक्रमातच ठरते: बारावीनंतरचा व्यावसायिक प्रवेश आणि त्याचा खर्च

बारावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्याच्या गावी सकाळी आठपासून दोन रांगा लागतात, एक सेतू केंद्रापुढे आणि दुसरी झेरॉक्सच्या दुकानापुढे. दोन्ही रांगांमध्ये तेच चेहरे असतात आणि दोन्हीकडे एकच वाक्य ऐकू येते: ‘आधी ॲडमिशन तर होऊ दे, पैशाचं मग बघू.’ कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे गणित शिकवल्यानंतर आणि दर उन्हाळ्यात मुलांच्या शेजारी बसून त्यांचे अर्ज भरून दिल्यानंतर मला या वाक्याची धास्ती वाटू लागली आहे, कारण महाराष्ट्रातील व्यवस्थेत ‘मग’ पाहण्यासारखे फारसे काही उरत नाही. कोणत्या वाटेने प्रवेश घेतला, पसंतीक्रमात कोणता सांकेतिक क्रमांक लिहिला आणि त्या दिवशी हातात कोणते प्रमाणपत्र होते, या तीन गोष्टींवर चार वर्षांची फी ठरून गेलेली असते. खाली जे लिहिले आहे ते मुख्यतः अभियांत्रिकी प्रवेशाला धरून आहे, परंतु औषधनिर्माणशास्त्र, कृषी किंवा व्यवस्थापन या शाखांकडे जाणाऱ्यांनाही त्यातील बराचसा भाग लागू पडेल.

कागदांची तयारी अकरावीत

राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याला तीन निरनिराळे कागद लागतात आणि पालक त्यांची नेहमी गल्लत करतात. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, यांच्या सहीने मिळतो. जात पडताळणी प्रमाणपत्र, ज्याला सगळे नुसते ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात, ते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. अनुसूचित जमातींसाठी मात्र स्वतंत्र तपासणी समित्या आहेत. तिसरा कागद नॉन-क्रीमी लेयरचा, म्हणजे घराचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असल्याचा. तो अनुसूचित जाती आणि जमाती सोडून बाकीच्या प्रवर्गांना लागतो, म्हणजे इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग यांना. प्रवेशाच्या वर्षातील पुढच्या ३१ मार्चपर्यंत तो वैध असावा लागतो. दादाच्या वेळी काढलेला नॉन-क्रीमी लेयर धाकट्याच्या अर्जाला जोडणारे पालक मला दर वर्षी भेटतात. खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्रही असेच दर वर्षी नवे काढावे लागते.

यातील सर्वांत वेळखाऊ कागद पडताळणीचा आहे, कारण त्यासाठी घराण्याचा जुना पुरावा शोधावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. व्यवहारात याचा अर्थ असा, की आजोबा किंवा पणजोबा ज्या प्राथमिक शाळेत गेले तेथील प्रवेश-निर्गम उतारा, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल, नाहीतर जुन्या महसुली कागदांतील उल्लेख मिळवावा लागतो. शाळेचे ते रजिस्टर कपाटाच्या तळाशी असते, पाने पिवळी पडून कडांना तुटलेली असतात, आणि जातीच्या रकान्यात एकदा पूर्ण नाव लिहून खाली नुसत्या आडव्या खुणा ओढलेल्या असतात, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. ती खूण नक्कल करताना कारकुनाने ‘निरंक’ अशी वाचली तर सगळा पुरावा वाया जातो, म्हणून उतारा हातात पडल्यावर तेथेच उभे राहून रजिस्टरशी ताडून पाहावा. वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील कोणाला, म्हणजे काका, आत्या किंवा सख्ख्या चुलत भावंडाला, आधीच व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रासह ती जोडावी. याइतका बळकट पुरावा दुसरा नाही. लग्नकार्यात भाऊबंद भेटतात तेव्हा हे विचारून घ्यावे, नंतर फोनवर कोणी कागद शोधत बसत नाही.

अकरावी-बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या मुलाला प्राचार्यांच्या पत्रासह पडताळणीसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, आणि तो अकरावीच्या पहिल्या सत्रातच करावा असे मी आता आग्रहाने सांगतो. पूर्वी सांगत नव्हतो. एका शिंप्याच्या मुलाला, गणितात चांगली गती असलेल्या, मीच म्हणालो होतो की निकाल लागू दे, मग निवांत कागद करू. अर्ज जूनमध्ये गेला, आजोबांच्या नावात एका कागदावर ‘राव’ होते आणि दुसऱ्यावर नव्हते म्हणून त्रुटी निघाली, आणि प्रमाणपत्र हाती आले तोवर प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या. त्याचा राखीव जागेवरील हक्क गेला आणि खुल्या प्रवर्गातून तो दीडशे किलोमीटरवरील महाविद्यालयात गेला. नावातील असा फरक आढळला तर आधीच प्रतिज्ञापत्र करून ठेवावे, हे त्या प्रकरणानंतर मी शिकलो. त्याचा भुर्दंड मात्र त्याच्या वडिलांनी भरला.

खुल्या प्रवर्गातील घरांना एवढी धावपळ नसते, पण अधिवास प्रमाणपत्र आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला त्यांनाही लागतो. उत्पन्नाचा दाखला पुढे शुल्क माफीच्या जागेसाठी, शिष्यवृत्तीसाठी आणि कर्जावरील व्याज सवलतीसाठी, असा तिन्ही ठिकाणी वापरला जातो, त्यामुळे त्यावरील आकडा आणि वडिलांच्या पगारपत्रकावरील किंवा आयकर विवरणपत्रावरील आकडा एकमेकांशी जुळला पाहिजे. दोन कागद दोन गोष्टी सांगू लागले की छाननीत अर्ज परत येतो.

परीक्षेविषयी थोडक्यात

एमएचटी-सीईटी ही राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा. तिच्या भौतिक-रसायन-गणित गटात १५० प्रश्न आणि २०० गुण असतात. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे आणि गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे आहेत. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही. सुमारे ८० टक्के भर बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो. बोर्डाच्या परीक्षेत खुल्या प्रवर्गाला संबंधित विषयांत ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के गुण पात्रतेसाठी पुरतात, परंतु म्हणून बोर्डाकडे पाठ फिरवू नये. केंद्र सरकारची एक गुणवत्ता शिष्यवृत्ती बोर्डाच्या निकालातील वरच्या २० टक्क्यांतील मुलांना, कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असल्यास, पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये देते, आणि ती सीईटीवर नव्हे, बोर्डाच्या गुणांवर मिळते. शिकवणीचा खर्च झेपत नसेल तर इतर मागास वर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातील मुलांसाठी नागपूरची महाज्योती संस्था प्रवेश परीक्षांचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते. तिची जाहिरात दहावीच्या निकालाच्या सुमारास येते आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

पसंतीक्रम भरताना

केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेला सगळे ‘कॅप’ म्हणतात. तिच्या फेऱ्या सुरू होण्याआधी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या संकेतस्थळावरून मागील दोन-तीन वर्षांच्या कट-ऑफच्या याद्या उतरवून घ्याव्यात. त्या याद्यांतील रकान्यांची नावे पाहून पालक बिचकतात, पण त्यांची फोड सोपी आहे. ‘जी ओपन एच’ यातील पहिले अक्षर ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण जागा, त्याऐवजी ‘एल’ असेल तर मुलींची जागा. मधला भाग प्रवर्गाचा. आणि शेवटचे अक्षर ‘एच’ असेल तर स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्रातील उमेदवारांसाठी, ‘ओ’ असेल तर बाहेरच्या क्षेत्रातील उमेदवारांसाठी, ‘एस’ असेल तर राज्यस्तरावरील. विद्यापीठ क्षेत्रानुसार वाटप असलेल्या महाविद्यालयांत ७० टक्के जागा आपल्या क्षेत्रातील मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना जातात. साताऱ्याच्या मुलाने पुण्याच्या महाविद्यालयाचा ‘एच’चा कट-ऑफ पाहून खूश होण्यात किंवा खचण्यात अर्थ नाही, त्याने ‘ओ’चा रकाना पाहायचा.

आता सर्वाधिक होणारी चूक. मुले पसंतीक्रम आपल्याला काय मिळेल या अंदाजाने लावतात, आणि अवघड महाविद्यालय वर लिहिले तर ते वाया जाईल अशी त्यांना भीती वाटते. संगणक प्रत्येक मुलाची यादी वरून खाली वाचतो. वरची जागा त्याच्या गुणवत्ता क्रमांकाला मिळत नसेल तर पुढच्या ओळीवर जातो, आणि त्यामुळे खालच्या पसंतीवरील त्याचा हक्क तसूभरही कमी होत नाही. म्हणून यादी आपल्या इच्छेच्या क्रमानेच लावावी, कट-ऑफच्या क्रमाने नव्हे. कट-ऑफचा उपयोग एवढाच, की यादीच्या तळाला नक्की मिळतील अशा पुरेशा जागा आहेत की नाहीत हे तपासता येते.

मात्र या इच्छेला बांधून घेणारा एक नियम २०२५-२६ पासून आला आहे. त्या वर्षी अभियांत्रिकीच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी मिळाली, तर ती जागा आपोआप निश्चित होते आणि पुढच्या फेरीत आणखी चांगल्या जागेची वाट पाहता येत नाही. तेव्हा पहिल्या सहा ओळी घरच्यांनी एकत्र बसून, फीचा कागद समोर ठेवून लिहाव्यात. ‘नाव मोठं आहे, टाकून तर बघू’ म्हणून वर टाकलेले महाविद्यालय लागले आणि तेथील फी व शहरातील राहणे परवडणारे नसले, तर सुटका नसते. दर वर्षीच्या माहितीपुस्तिकेत हा नियम शब्दशः वाचून घ्यावा, कारण तपशील बदलत राहतात.

या यादीत ‘ट्यूशन फी वेव्हर’च्या जागा वेगळ्या शोधाव्या लागतात. मंजूर प्रवेशक्षमतेच्या वर ५ टक्के जागा या योजनेखाली असतात, त्यांवर शिकवणी शुल्क पूर्ण माफ होते, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असावे लागते आणि प्रवर्गाची अट नसते. परंतु त्यांचा सांकेतिक क्रमांक स्वतंत्र असतो आणि त्याच्या शेवटी ‘टी’ हे अक्षर असते. नेहमीचा क्रमांक लिहिला म्हणजे ही जागाही मागितली, असे होत नाही. ज्यांना प्रवर्गातून पूर्ण सवलत मिळणार नाही अशा मुलांनी प्रत्येक आवडीच्या शाखेसाठी आधी ‘टी’चा क्रमांक आणि त्याखाली नेहमीचा, असे जोडीने लिहावे. या जागांचा कट-ऑफ खुल्या प्रवर्गापेक्षाही वर जातो हे खरे, पण यादीत न लिहिलेली जागा कोणालाच मिळत नाही.

शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांना माझ्या मते थोडे झुकते माप द्यावे. पुण्याचे सीओईपी, मुंबईची व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद यांच्यासाठी अर्थातच चढाओढ असते, परंतु कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, चंद्रपूर, जळगाव, यवतमाळ, अवसरी येथील शासकीय महाविद्यालये आणि नांदेडची श्री गुरु गोविंद सिंगजी संस्था यांचाही नीट विचार व्हावा. पुण्या-मुंबईच्या मोहापायी महागड्या खासगी महाविद्यालयाची एखादी नवीच निघालेली शाखा धरणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या पालकांनी त्यासाठी जमिनीचे तुकडे विकलेलेही पाहिले आहेत.

गुण मनासारखे पडले नाहीत तर दलालांचे फोन सुरू होतात. खासगी संस्थेत संस्थास्तरावरच्या काही जागा असतात, पण त्या वाटेने गेल्यास राज्याच्या बहुतेक शुल्क सवलती बंद होतात, आणि मान्य फीपेक्षा जास्त रक्कम मागणे १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. एक वाट मात्र दहावीतच विचारात घ्यावी: तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका आणि नंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. एकूण वर्षे तेवढीच लागतात, शासकीय तंत्रनिकेतनाची फी कमी असते, आणि मध्येच नोकरी धरावी लागली तर हातात पदविका असते. आमच्याकडे या वाटेला अजूनही उगीच नाके मुरडली जातात.

फीचा कागद कसा वाचावा

खासगी विनाअनुदानित महाविद्यालयाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ती त्याच्या संकेतस्थळावर महाविद्यालयनिहाय पाहता येते. तेथे एकूण आकडा पाहून थांबू नये. शिकवणी शुल्क किती आणि विकास शुल्क किती हे वेगवेगळे लिहून घ्यावे, कारण सवलती शिकवणी व परीक्षा शुल्कावर मिळतात, विकास शुल्कावर नाही. समजा एकूण फी १,२०,००० आहे आणि तीत शिकवणी शुल्क १,०५,००० आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीखाली ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातील मुलाला शिकवणी शुल्काच्या निम्मी, म्हणजे ५२,५०० रुपयांची सवलत मिळेल आणि घरातून ६७,५०० रुपये द्यावे लागतील, ६०,००० नव्हे. त्यात वसतिगृह, मेस, पुस्तके, लॅपटॉप काहीच धरलेले नाही. ही सवलत कुटुंबातील पहिल्या दोन अपत्यांना मिळते आणि प्रवेश कॅपमधूनच झालेला असावा लागतो.

इतर मागास वर्गातील मुलांना निम्मी आणि भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण शुल्क प्रतिपूर्ती आहे. अनुसूचित जातींसाठी उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, ज्यात निर्वाह भत्ताही मिळतो. उत्पन्न त्यापेक्षा जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे नुसती शुल्क माफी आहे. मुलींच्या बाबतीत मोठा बदल ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने झाला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिकवणी व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. घरात मुलगा आणि मुलगी एकाच वर्षी बारावी झाले असतील तर हिशेब पुन्हा मांडून पाहावा. ‘तिला जवळचं बीएस्सी, त्याला इंजिनिअरिंग’ हा जुना वाटा आता पैशाच्या दृष्टीनेही चुकीचा ठरतो.

या सगळ्याला एक मोठा अपवाद आहे. स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे आणि खासगी अभिमत विद्यापीठे यांना राज्याच्या या शुल्क सवलती लागू होत नाहीत. एकाच संस्थेचे एक महाविद्यालय कॅपमध्ये असते आणि त्याच आवारात तिचे खासगी विद्यापीठही असते. पाटी सारखी, इमारती सारख्या, गणवेशही सारखा. प्रवेश नक्की कशात होतो आहे, हे पावती फाडण्यापूर्वी लेखी विचारावे.

पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी सवलतीची रक्कम घेऊ नये असे शासनाचे आदेश आहेत, तरी काही ठिकाणी ‘आत्ता सगळी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ’ असे सांगतात. अशा वेळी खिडकीवर भांडण्यापेक्षा शासन निर्णयाची प्रत जोडून प्राचार्यांच्या नावे अर्ज द्यावा आणि आवक क्रमांकाची पोच घ्यावी. आवक क्रमांक पडला की बोलण्याची भाषा बदलते, असा माझा अनुभव आहे. त्याचप्रमाणे मूळ गुणपत्रिका आणि दाखले अडकवून ठेवण्याचा अधिकार महाविद्यालयाला नाही.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरायचे असतात आणि पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. येथे एक विचित्र घोटाळा होतो. एका मुलीची रक्कम मंजूर होऊन सहा महिने झाले तरी तिच्या पासबुकात काही दिसेना. शेवटी तिचे आधार कोणत्या खात्याला जोडले आहे ते तपासले, तर मोबाइलचे सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन एका पेमेंट बँकेत तिचे खाते उघडले होते आणि आधार त्याच खात्याला जाऊन चिकटले होते. पैसे तेथे सुरक्षित होते, पण तिच्या वडिलांनी तोवर पतसंस्थेकडून उचल घेतली होती. अर्ज भरण्यापूर्वीच आधारच्या संकेतस्थळावर आपले कोणते खाते डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी रक्कम थेट जमा होण्यासाठी, सक्रिय आहे ते पाहावे, आणि अर्जात पासबुक जोडले म्हणजे काम झाले असे समजू नये.

मुलींनी आणखी एक अर्ज अवश्य करावा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती पदवी किंवा पदविकेच्या मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते, आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी त्याच परिषदेची सक्षम योजना आहे. दोन्हींसाठी उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे आणि अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, महाडीबीटीवर नव्हे.

राहण्या-जेवण्याचा खर्च

फी माफ झाली म्हणून निर्धास्त झालेल्या घरांना खरा दणका येथे बसतो. पुण्यात खोली आणि मेस मिळून महिन्याला आठ-दहा हजार सहज लागतात, म्हणजे दहा महिन्यांचे लाखभर रुपये. म्हणून दोन महाविद्यालयांची तुलना करताना फी आणि राहणे एकत्र करून चार वर्षांचा आकडा लिहावा. कधी कधी घरून एसटीच्या पासावर जाता येणारे ९०,००० फीचे महाविद्यालय, ३०,००० फीच्या दूरच्या महाविद्यालयापेक्षा स्वस्त पडते.

सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून थेट रक्कम मिळते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागास वर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शहर जितके मोठे तितकी रक्कम जास्त. आधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी ती वर्षाला ६०,००० आहे. खुल्या प्रवर्गातील अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. या रकमा वर्षअखेरीस येतात, तेव्हा पहिले सहा महिने चालवण्यापुरते पैसे हाताशी ठेवावेच लागतात.

वसतिगृहांच्या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकेका समाजाची विद्यार्थी वसतिगृहे उभी केली, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेतून ‘कमवा व शिका’ रुजले. ही योजना आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासह अनेक ठिकाणी चालू आहे. ग्रंथालयात किंवा कार्यालयात रोज काही तास काम करून मेसचे बिल बऱ्याच अंशी भागते. पुण्यातील विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्था ग्रामीण भागातील गरजू मुलांना मुलाखत घेऊन अल्प खर्चात ठेवून घेतात. त्यांचे अर्ज निकालाच्या आसपासच सुटतात, म्हणून प्रवेशाची वाट न पाहता तेही भरून टाकावेत.

कर्ज घ्यावे लागले तर

उरलेल्या रकमेसाठी शैक्षणिक कर्ज घेण्यात कमीपणा नाही, पण ते पतसंस्थेकडून किंवा सोने तारण ठेवून घेण्यापूर्वी राष्ट्रीयीकृत बँकेत विचारावे. ४ लाखांपर्यंत तारण मागू नये असा बँकांच्या आदर्श योजनेचा नियम आहे आणि साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी पतहमी मिळू शकते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदार या दोहोंशिवाय कर्ज मिळते. पहिल्या यादीत अशा ८६० संस्था होत्या. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत नसल्यास, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण काळात ३ टक्के व्याज सवलत आहे. पसंतीक्रमातील कोणती महाविद्यालये त्या यादीत आहेत, हेही आधीच पाहून ठेवावे. वडिलांचे पीककर्ज थकले असेल तर सिबिलमुळे, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीमुळे, शैक्षणिक कर्ज अडते, म्हणून ते नूतनीकरण करून मगच शाखेत जावे. पुढे वडिलांनी किंवा मुलाने जुन्या कर पद्धतीने विवरणपत्र भरले तर या व्याजाची वजावट आठ वर्षे मिळते.

शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, पण व्याज चालूच असते. साडेनऊ टक्के दराने दर वर्षी दीड लाख, असे चार वर्षांत ६ लाख उचलले आणि शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्षाने फेड सुरू झाली, तर तोवर नुसते सरळ व्याज १,९९,५०० रुपये होते. म्हणजे ८ लाखांची फेड सुरू होते आणि दहा वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता सुमारे १०,३५० बसतो. तेच व्याज दर महिन्याला भरत गेले तर पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे १,२०० आणि चौथ्या वर्षी ४,७५० रुपये लागतात, आणि नंतरचा हप्ता सुमारे ७,७५० वर येतो. पूर्ण व्याज जमत नसेल तर जमेल तेवढे भरावे. दुधाच्या पगारातून महिन्याला हजार रुपये भरणारी एक आई मला माहीत आहे.

दुसऱ्या वर्षी काय करायचे

महाडीबीटीवर पहिल्या वर्षी अर्ज केला म्हणजे चार वर्षांचे काम झाले असे होत नाही. दर वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो, निकालाची प्रत चढवावी लागते, आणि अर्ज महाविद्यालयातील लिपिकाच्या लॉगइनवर अडकून पडला आहे की पुढे गेला आहे, हे पंधरा दिवसांनी स्वतः उघडून पाहावे लागते. मुले दुसऱ्या वर्षी हे विसरतात, कारण तोपर्यंत कागदांची फाइल घरी आईच्या ट्रंकेत गेलेली असते आणि मुलगा वसतिगृहावर असतो. निघतानाच सगळ्या कागदांचे स्कॅन करून मुलाच्या आणि पालकांच्या अशा दोन्ही मोबाइलमध्ये ठेवावे, आणि उत्पन्नाचा दाखला संपण्याची तारीख घरातील कालनिर्णयावर लाल पेनाने लिहून ठेवावी.